सवयींच्या रकान्यात मोबाईल

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला आम्ही जे घोटून घेतो ते म्हणजे हिस्टरी. नाव, वय, पत्ता, काय होतंय, कधीपासून होतंय, घरात आधी कुणाला होतं का, आणि मग ‘सवयी’ हा रकाना: पान, तंबाखू, मिश्री, विडी, दारू, झोप, शौच. यातली मिश्री मला फार आवडते. म्हणजे लावायला नाही, छापील नमुन्यात बघायला. ती तिथे घालणारी कुणीतरी मुरलेली सिस्टर असणार. कारण ‘तंबाखू खाता का’ असं विचारलं तर खेडची किंवा कणकवलीची आजी ठामपणे ‘नाही’ म्हणते आणि दिवसातून चार वेळा मिश्री लावते. तिच्या लेखी मिश्री म्हणजे तंबाखू नव्हेच. आजी खोटं बोलत नसते, आपला प्रश्न चुकलेला असतो.

आज त्या रकान्यात एक ओळ कमी आहे. या दुखण्याबद्दल मोबाईलवर काय बघितलंत, कुणी काय पाठवलं, आणि त्यातलं काय करून बघितलंत? हे आम्ही विचारत नाही. ओपीडीच्या बाकावर बसलेल्या दहातल्या आठ जणांच्या हातात फोन दिसतो, तरी विचारत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे. आरोग्याच्या क्षेत्रात शिकणाऱ्या प्रत्येकाला, मग ती नर्स होवो, डॉक्टर होवो, फिजिओ, फार्मसिस्ट नाहीतर लॅब टेक्निशियन, हा प्रश्न विचारता यायला हवा आणि उत्तर आल्यावर पुढे काय करायचं तेही कळायला हवं. याला ‘डिजिटल आरोग्य साक्षरता’ असं भारदस्त नाव आहे. नाव असं असल्यामुळे ती शिकवायची म्हटलं की आपण कॉम्प्युटर लॅबची चावी शोधायला लागतो. मला विचाराल तर ती शिकवायची जागा खाटेशेजारी आहे.

मी मुंबईत सव्वीस वर्षं नर्सिंग शिकवते. कुठे, ते इथे महत्त्वाचं नाही, कारण जे सांगणार आहे ते परळपासून जुहूपर्यंत कुठल्याही वॉर्डात दिसेल. मेडिसिनच्या बायकांच्या वॉर्डात भांडुपच्या एक काकू दाखल झाल्या होत्या. शुगर ४१२. दुसऱ्या वर्षाच्या मुलीने हिस्टरी घेतली. ‘गोळ्या वेळेवर घेता का?’ ‘घेते की.’ तिने लिहून टाकलं, औषधं नियमित. तिसऱ्या दिवशी भेटायला आलेल्या भाचीने फोन पुढे केला. पांढरा कोट घातलेला, गळ्यात स्टेथोस्कोप अडकवलेला एक गृहस्थ रीलमध्ये सांगत होता की मेटफॉर्मिनने, म्हणजे शुगरच्या गोळीने, किडनी खराब होते, त्यापेक्षा अमुक रस सकाळी उपाशीपोटी घ्या. काकूंनी दीड महिन्यापूर्वी गोळ्या बंद केल्या होत्या. मग ‘घेते’ का म्हणाल्या? सिस्टर विचारतेय तर नाही कसं म्हणायचं, म्हणून.

माझी विद्यार्थिनी म्हणाली, ‘असलं काही बघत जाऊ नका हो काकू, गुगलवर विश्वास ठेवायचा नसतो.’ वीस मिनिटांनी तीच मुलगी काउंटरवर उभी राहून एका अँटिबायोटिकचं डायल्यूशन किती करायचं ते गुगलवर बघत होती. काकूंची खाट काउंटरच्या बरोब्बर समोर होती. काकू काही बोलल्या नाहीत. पण त्यानंतर त्या मुलीशी त्या ‘हो’ आणि ‘नाही’ यापलीकडे बोलल्याचं मला आठवत नाही.

दोष त्या मुलीचा आहे असं मला वाटत नाही. तिला काय शिकवलं होतं आम्ही? अफवा वाईट, एवढंच. मेटफॉर्मिनबद्दलच्या त्या अफवेत सत्याचा एक कण आहे हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मेटफॉर्मिन चांगली किडनी बिघडवत नाही. पण ज्याची किडनी आधीच बरीच बिघडलेली आहे, ज्याचा ईजीएफआर, म्हणजे किडनी किती काम करते ते सांगणारा रिपोर्टमधला आकडा, ३० च्या खाली गेला आहे, त्याला ते देत नाहीत, कारण ते शरीरात साठतं. म्हणजे शेजारच्या कुणाचं तरी मेटफॉर्मिन डॉक्टरांनी ‘किडनीमुळे’ खरंच बंद केलेलं असतं. रीलवाला त्या खऱ्या गोष्टीची दोन टोकं उलटी जोडतो. हे ज्या मुलीला माहीत आहे ती काकूंना म्हणेल, ‘ऐकलंत त्यात थोडं खरं आहे. तुमची किडनी कशी आहे ते या रिपोर्टमध्ये बघू, चला.’ ही साक्षरता. त्यात कॉम्प्युटरपेक्षा फार्माकॉलॉजी जास्त आहे, आणि फार्माकॉलॉजीपेक्षा बोलण्याची रीत जास्त.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे, ‘अहो मॅडम, आजची मुलं मोबाईल घेऊनच जन्माला आलीत, त्यांना काय शिकवायचं?’ हे स्टाफरूममध्ये मी इतक्यांदा ऐकलंय की ऐकलं की चहा गार लागतो. कॅमेरन नॉर्मन आणि हार्वे स्किनर या दोघा संशोधकांनी २००६ मध्ये या विषयाची पहिली नीट मांडणी केली. त्यांनी सहा साक्षरता एकत्र गुंफल्या: लिहिण्यावाचण्याची, माहिती शोधण्याची, माध्यमं ओळखण्याची, आरोग्याची, विज्ञानाची आणि संगणकाची. सहातली एक संगणकाची. आपली मुलं त्या एकीत पटाईत असतात आणि उरलेल्या पाचांचे गुण आपण त्यांना फुकट देऊन टाकतो. त्याच दोघांनी आठ प्रश्नांची एक मोजपट्टी केली, जगभर वापरतात. तिची अडचण अशी की ती माणसाला स्वतःबद्दल काय वाटतं ते विचारते. मी ती वर्गात वापरून बघितली. सगळ्या मुलींनी स्वतःला भरघोस गुण दिले. मग मी त्यांना एक वेबसाइट दाखवली, देखणी, इंग्रजी, खाली संदर्भांची रांग, आणि विचारलं, ही कुणाची? मुली पान खालीवर करत राहिल्या. लोगो बघितला, ‘आमच्याविषयी’ वाचलं, शुद्धलेखन तपासलं. साइट एका सप्लिमेंट विकणाऱ्या कंपनीची होती. हे कळायला पान सोडून बाहेर पडावं लागतं, दुसऱ्या टॅबमध्ये त्या नावाची चौकशी करावी लागते.

आणि हे काही आमच्याच मुलींना जमलं नाही असं नाही. स्टॅनफर्डच्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी इतिहासाचे पीएचडी, स्टॅनफर्डचे विद्यार्थी आणि व्यावसायिक तथ्य-तपासनीस अशा ४५ जणांना अनोळखी वेबसाइट्स दिल्या. विद्वान आणि विद्यार्थी पानाच्या आत अडकले, तपासनीस काही सेकंदांत बाहेर पडून इतरत्र चौकशी करून आले. मुंबईकराला हे अवघड जाऊ नये. लग्नाचं स्थळ आलं की मुलाने स्वतः लिहिलेला बायोडेटा किती वेळ वाचतो आपण? त्याच्या चाळीत राहणारं कुणी ओळखीचं आहे का, ते आधी बघतो.

अफवा मोबाईलने आणली असंही एक म्हणणं असतं. या शहरात तरी ते म्हणू नये. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. महिनाभरात आर्थर रोडच्या रुग्णालयावर, म्हणजे आजच्या कस्तुरबावर, हजारेक गिरणी कामगार चालून गेले. आत नेलेलं माणूस बाहेर येत नाही, तिथे त्याला मारतात, अशी बोलवा होती. फोन नव्हता, छापखान्यापर्यंतसुद्धा यातल्या बहुतेकांची पोच नव्हती. पण घरात घुसून माणसं उचलून नेणारे सरकारी लोक होते, आणि खरोखरच आत गेलेली बरीच माणसं मरत होती. पुढच्या जानेवारीत हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस आधी स्वतःला टोचून घेतली. शास्त्रज्ञ म्हणून त्यांना पुरावा हवा होता हे खरंच, पण लोक कशावर विश्वास ठेवतात याची त्यांना चांगली जाण होती असं मला कायम वाटत आलंय. अविश्वासाला कारण असतं. ते कारण शोधायला शिकवायचं सोडून आपण ‘फॉरवर्ड करू नका’ची पोस्टरं रंगवून घेतो, स्पर्धा ठेवतो आणि पहिल्या तिघांना बक्षीस देतो.

आता भाषेचं बघा. आपल्याकडे या विषयावर जे बोललं जातं ते बहुतेक इंग्रजीत वाचणाऱ्या रुग्णाला धरून. माझ्या वॉर्डातला रुग्ण मराठीत, हिंदीत, भोजपुरीत, गुजरातीत शोधतो. म्हणजे लिहीतसुद्धा नाही, माईकचं बटण दाबून बोलतो. ‘पोटात पाणी झालंय उपाय’ असं मराठीत विचारलं की काय येतं ते एकदा करून बघा. तेच इंग्रजीत विचारा. दोन वेगळ्या जगांत गेल्यासारखं वाटेल. इंग्रजीत मोठ्या संस्थांची माहितीपानं येतात, मराठीत घरगुती उपायांचे व्हिडिओ. आपल्या भाषेत तपासलेला मजकूर मुळात थोडा, आणि तो शोधात वर आणणारं कुणी नाही.

अनुवादाची गंमत तर विचारू नका. गंमत म्हणवत नाही खरं तर. एका आजोबांच्या थुंकीचा रिपोर्ट नातवाने फोनवर मराठीत करून घेतला. इंग्रजीत होतं ‘पॉझिटिव्ह’. फोनने लिहिलं ‘सकारात्मक’. घरात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. टीबीचा रिपोर्ट सकारात्मक आला म्हणजे चांगलाच आला ना! दुसऱ्या टोकाला, ‘निगेटिव्ह’चं ‘नकारात्मक’ झालेलं वाचून ओपीडीबाहेर रडत बसलेली बाईही मी पाहिली आहे. आपली वर्तमानपत्रंसुद्धा करोनात काही दिवस ‘सकारात्मक रुग्ण’ लिहीत होती, मग शहाणी झाली आणि ‘बाधित’ म्हणायला लागली. माझ्या विद्यार्थिनीला हे माहीत असेल तर ती रिपोर्ट देताना स्वतःहून सांगेल, ‘काका, यात जंतू सापडलेत असं लिहिलंय.’ चार शब्द. याला वेबिनार लागत नाही.

इथपर्यंत रुग्णाच्या फोनबद्दल बोलले. पण साक्षरतेचा दुसरा अर्धा भाग आमच्याच काउंटरवरच्या स्क्रीनचा आहे, आणि त्याबद्दल फार कमी बोललं जातं, कारण तो आपला आहे.

सॅन फ्रान्सिस्कोतल्या एका नामांकित शिक्षण-रुग्णालयात २०१३ मध्ये घडलेली गोष्ट मी दरवर्षी मुलींना सांगते. सोळा वर्षांचा मुलगा, वजन ३८.६ किलो. त्याला को-ट्रायमोक्साझोल या अँटिबायोटिकची एक गोळी द्यायची होती, १६० मिलिग्रॅमची. वजन ४० किलोच्या आत म्हणून संगणकाने डोसाचं एकक आपणहून ‘मिलिग्रॅम दर किलोला’ असं धरलं. डॉक्टरने १६० लिहिले. संगणकाने १६० ला किलोने गुणलं. निघाल्या साडेअडतीस गोळ्या. डॉक्टरच्या स्क्रीनवर धोक्याची सूचना आली, तिने ती बंद केली, कारण दिवसभरात अशा ढिगाने येत आणि बहुतेक फालतू असत. फार्मसिस्टलाही आली, त्यानेही बंद केली. यंत्रमानवाने गोळ्या मोजून पाकिटात भरल्या. त्या रात्री दुसऱ्या वॉर्डातून तिथे पाठवलेल्या नर्सला एवढ्या गोळ्या पाहून नवल वाटलं. पण तिने बारकोड स्कॅन केला आणि यंत्र म्हणालं, बरोबर. तिने दिल्या. मुलाला आकडी आली. तो वाचला.

ही गोष्ट सांगून झाल्यावर वर्ग गप्प असतो. मग मी विचारते, बारकोडने तिला नेमकं काय सांगितलं? पहिल्यांदा उत्तर येतं, ‘डोस बरोबर आहे.’ नाही. बारकोड एवढंच सांगतो की जे मागवलं तेच हातात आहे. मागवलेलंच चुकलं असेल तर ते बारकोडला कळत नाही. ते कळायला ‘कुणी साडेअडतीस गोळ्या गिळतं का?’ असं विचारणारा माणूस लागतो. कोऱ्या कागदावर डॉक्टरांचं घाणेरडं अक्षर असतं तेव्हा माझी विद्यार्थिनी दहा वेळा विचारायला जाते. तोच आकडा स्क्रीनवर टाइप होऊन आला की विचारत नाही. छापलेल्यावर आपला विश्वास शाळेपासूनचा आहे.

सगळ्या यंत्रांचं तसंच. करोनात या शहरात घरोघरी ऑक्सिमीटर आले, ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आरोग्यसेविकांच्या पिशवीत तो होता. डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासाने दाखवलं की कृष्णवर्णीय रुग्णांत ऑक्सिजन धोकादायक कमी असूनही ऑक्सिमीटर ठीक दाखवतो, असं गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा होतं. सावळ्या कातडीच्या देशात ही बातमी आमच्या अभ्यासक्रमाच्या पहिल्या पानावर हवी होती. अजूनही मुलींना मेंदी आणि नेलपॉलिशने आकडा चुकतो, एवढंच सांगितलं जातं.

खासगीपणाचं शिकवताना तर आम्ही अमेरिकेतलं शिकवतो आणि इथलं विसरतो. पुस्तकात लिहिलेलं असतं की रुग्णाचा फोन ही त्याची खासगी वस्तू. वडाळ्याच्या किंवा मानखुर्दच्या एका खोलीत फोन घराचा असतो. नवीन लग्न झालेली मुलगी, टीबीचं निदान, माहेरी माहीत, सासरी नाही. फाइलवर नंबर नवऱ्याचा. दिवसा फोन सासूकडे. आमच्याकडून कुणीतरी कर्तव्यदक्षपणे फोन करतं, ‘डोस चुकलाय का हो?’ झालं. टीबीच्या रुग्णाला आहारासाठी मिळणारे निक्षय पोषण योजनेचे महिन्याचे पैसे, नोव्हेंबर २०२४ पासून ते १००० रुपये झालेत, खात्यात आल्याचा बँकेचा मेसेजही त्याच फोनवर. म्हणून नंबर लिहून घेताना ‘हा फोन कुणाकडे असतो? कधी केला तर चालेल?’ हे दोन प्रश्न विचारायचे असतात. आभा क्रमांकाचंही, म्हणजे आरोग्याच्या नोंदी जोडायच्या सरकारी क्रमांकाचंही तेच. चौदा आकडी क्रमांक काढून द्यायला झेरॉक्सवाला पन्नास रुपये घेतो आणि ओटीपीसुद्धा तोच वाचतो. आभा फुकट आहे आणि ओटीपी कुणाला सांगायचा नसतो, हे बाईला कुणी सांगायचं? रांगेत तिच्याशेजारी उभी असलेली विद्यार्थिनी सांगू शकते, तिला आधी सांगितलं असेल तर.

आणि आपलं काय? इंटर्न आणि विद्यार्थी एक्स-रेचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात, कोपऱ्यात पेशंटचं नाव, वय, तारीख. सरांनी तिथेच उत्तर दिलं की काम होतं, आणि रात्री तीन वाजता ते खरंच उपयोगी पडतं, हे मी नाकारत नाही. २०२० च्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनी अशा मेसेजिंगच्या साधनांना मान्यताही दिली आहे. पण त्या ग्रुपमध्ये तीन वर्षांपूर्वी पास होऊन गेलेले किती जण आहेत? फोन हरवला तर? २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाल्यावर तो आम्हाला एका स्लाइडवर दाखवला गेला. कोपऱ्यातलं नाव बोटाने झाकून फोटो काढा, हे कुणी दाखवलं नाही.

चॅटबॉटबद्दल थोडक्यात, कारण सगळे त्याबद्दलच बोलतात. मागच्या सत्रात पाच मुलींचे केअर प्लॅन तपासायला आले. भाषा सुरेख. इतकी की मला संशय आला. एकीच्या प्लॅनमध्ये ‘दोन्ही पायांचे व्यायाम दिवसातून तीन वेळा’ असं होतं. तो रुग्ण मधुमेहाचा, डावा पाय गुडघ्याखाली कापलेला. मुलगी रोज त्याचं ड्रेसिंग करत होती! रागावून उपयोग नव्हता. मी तो प्लॅन नाव झाकून फळ्यावर लावला आणि वर्गाला म्हटलं, यात काय खटकतंय ते शोधा. त्या तासाला जेवढं शिकून झालं तेवढं बंदी घालून झालं नसतं. रुग्णही हेच करणार आहेत. २०२५ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एका साठ वर्षांच्या माणसाची केस छापून आली. मिठाऐवजी काय, हे त्याने चॅटबॉटला विचारलं होतं आणि मग तीन महिने सोडियम ब्रोमाइड खात होता. भ्रम आणि संशयाने पछाडून तो रुग्णालयात पोचला. शेजारी आपल्याला विष घालतोय असं त्याला वाटत होतं. ब्रोमाइडची विषबाधा हे गेल्या शतकातलं दुखणं, आजच्या डॉक्टरांनी पुस्तकात वाचलं असेल तर. निदानाची वाट अखेर ‘काय खाता आणि का खाता’ या प्रश्नातूनच जाते.

अभ्यासक्रमात यातलं काहीच नाही असं नाही. भारतीय परिचर्या परिषदेने बी.एस्सी. नर्सिंगचा अभ्यासक्रम २०२१ मध्ये नवा केला, त्यात दुसऱ्या सत्राला आरोग्य आणि परिचर्या माहितीशास्त्र असा स्वतंत्र विषय आहे, ४० तास वर्गाचे आणि ४० प्रयोगशाळेचे. त्यात रुग्ण आणि इंटरनेट या नावाचं प्रकरणसुद्धा आहे. डॉक्टरांना असा स्वतंत्र विषय नाही. २०१९ च्या एमबीबीएस अभ्यासक्रमात सुरुवातीच्या फाउंडेशन कोर्समध्ये भाषा आणि संगणक कौशल्यं येतात, संवाद आणि नीतीचा वेगळा भाग येतो, पण हे दोन एकमेकांना भेटत नाहीत. या एका बाबतीत आम्ही सिस्टर लोक डॉक्टरांच्या पुढे आहोत, हे लिहिताना मला आनंद होतोय, लपवत नाही.

पण आनंद तेवढाच. ते ४० तास प्रत्यक्षात कसे जातात? बऱ्याच ठिकाणी बाहेरून एक संगणक शिक्षक येतो. तो वर्ड शिकवतो, एक्सेल शिकवतो, इनपुट डिव्हाइस आउटपुट डिव्हाइस शिकवतो. त्याने वॉर्ड पाहिलेला नाही. मी वॉर्ड पाहिलाय, पण मला दहा वर्षांपूर्वीपर्यंत अटॅचमेंट कशी पाठवायची ते येत नव्हतं. दोघांनी मिळून एक तास घ्यावा असं वेळापत्रकात कुठेच नाही. मग कमतरता भरून काढायला वेबिनार: कॅमेरे बंद, शेवटी फॉर्म भरा, ई-सर्टिफिकेट घ्या. माझ्याकडे अशी सर्टिफिकेटं इतकी आहेत की त्यांनी भिंत रंगवता येईल.

मी काय मागते आहे? नवीन विषय नको, आहे तोच ओझं होतो. हिस्टरीच्या नमुन्यात एक ओळ. केस प्रेझेंटेशनमध्ये रुग्णाने बघितलेला व्हिडिओ हा रक्ताच्या रिपोर्टइतकाच गंभीरपणे मांडायचा, त्यात खरं किती, खोटं किती, रुग्णाला तो का पटला. आणि परीक्षेत एक स्टेशन. ओस्कीला, म्हणजे एकेका स्टेशनवर जाऊन एकेक काम करून दाखवायच्या परीक्षेला, आम्ही इंजेक्शनचं स्टेशन ठेवतो, हात धुण्याचं ठेवतो. तसंच एक: समोर बसलेली बाई फोन पुढे करते, ‘सिस्टर, हे खरं आहे का?’ पाच मिनिटं. तिला न हिणवता, न घाबरवता, खोटा धीर न देता काय बोलता ते बघू. परीक्षेत जे नाही ते आपल्याकडे शिकवलं जात नाही, हे कडू आहे पण सव्वीस वर्षं बघितलंय. मध्येच एखादा आठवडा सगळं कागदावर करायला लावायचं, कारण नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सचे सर्व्हर हल्ल्याने बंद पडले आणि जवळजवळ दोन आठवडे सगळा कारभार हाताने चालवावा लागला. स्क्रीन गेल्यावर ज्याला ड्रग चार्ट आखता येत नाही तो साक्षर कसला?

याला सगळ्यात जड आक्षेप माझ्या मैत्रिणीने घेतला. ती वॉर्डाची इन्चार्ज आहे. म्हणाली, ‘साठ पेशंट, दोन सिस्टर, आणि तू म्हणतेस रील बघत बसा? जे लोक हे खोटं पसरवून पैसे करतात त्यांना सोडून देणार, १९५४ चा जादुई उपायांच्या जाहिरातींचा कायदा धूळ खात पडणार, आणि निस्तरायचं आम्ही?’ मला याचं पुरतं उत्तर देता आलं नाही. तिचं बरोबर आहे. खोट्याच्या कारखान्याला टाळं लावणं हे विद्यार्थिनीचं काम नाही, आणि मनुष्यबळ न देता नवी कर्तव्यं देणं ही आपल्या व्यवस्थेची जुनी खोड आहे. माझ्याकडे फक्त त्या भांडुपच्या काकू आहेत. तीन दिवस इन्शुलिन, तीन दिवस खाट, तीन दिवस मैत्रिणीच्याच वॉर्डातल्या दोन सिस्टरांचा वेळ, आणि घरी जाऊन पुन्हा तोच रस. पहिल्या दिवशी विचारायला दोन मिनिटं लागली असती. मैत्रीण म्हणाली, ‘दोन मिनिटं तरी कुणाकडे आहेत?’ आमची भांडणं अशीच संपतात.

तरीही जूनपासून मी माझ्यापुरतं सुरू केलं. जर्नल छापून येतात, नमुना बदलायचा तर वरपर्यंत पत्र जायला हवं. पत्र दिलंय. तोवर मुलींना सांगितलं, ‘सवयी’च्या रकान्यात दारूच्या खाली पट्टीने एक रेघ मारा आणि लिहा, मोबाईल. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी ‘आहे’ किंवा ‘नाही’ लिहून आणलं, जसं तंबाखूपुढे लिहितात. मी जर्नलं परत केली.

परवा तिसऱ्या सत्रातल्या नंदुरबारच्या एका मुलीचं जर्नल तपासलं. रुग्ण शिवडीच्या, वय ६३, दम्याच्या. पंप घेत नव्हत्या. मोबाईलपुढे तिने लिहिलं होतं: ‘स्वतःचा नाही. मुलाचा. पंपाची सवय लागते असा व्हिडिओ मुलाने दाखवला. मुलगा रात्रपाळीला, सकाळी साडेआठला भेटायला येतो. उद्या लवकर येऊन त्याच्याशी बोलणे.’

त्या मुलीची ड्युटी साडेनवाची होती.